औषधाची रेघ

ती. आक्का, धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचा तुमच्या पायांवर डोकं ठेवून नमस्कार.

तुमचा गुडघा आता जिना चढू देतो, की अजून रुसलेलाच आहे? साडूभाऊंचा खोकला कसा आहे? इकडे मी बरा आहे. स्वयंपाक स्वतः करतो (भात खालून करपतो आणि वरून कच्चा राहतो, हे एकाच पातेल्यात कसं साधतं ते मलाही सांगता येत नाही). ती गेल्यापासून चार महिन्यांत एकही पत्र लिहिलं नाही, याचा राग धरू नका. आज लिहितो आहे ते एक गुन्हा कबूल करायला. गुन्हेगाराला पाल्हाळाची सवय असते, तेव्हा चष्मा पुसून बसा.

लग्नाच्या आधी तुम्ही मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, की हिला आकडी येते, गोळ्या चालू आहेत, कुणाला कळता कामा नये. मी देवाला स्मरून शब्द दिला आणि चोवीस वर्षं पाळला. वसाहतीतल्या दोनशे घरांत ती डोकेदुखीच्या गोळ्या घेते एवढंच माहीत होतं. तो शब्द मी तीन आठवड्यांपूर्वी मोडला. का मोडला ते समजायला तुम्हाला आमच्या सांडपाण्यात उतरावं लागेल. (नाकाला पदर लावा. मला आता वास येत नाही.)

तुम्हाला माहीतच आहे की वसाहतीचं सांडपाणी शुद्ध करायचं काम माझ्याकडे आहे. यंदा तिथे एक संशोधक बाई आल्या. वय तिशीच्या आतलं, बोलणं भरभर, डबा उघडायचा विसरून तसाच घरी नेणार. त्यांनी मला सांगितलं, की माणूस औषध घेतो ते सगळं अंगात जिरत नाही, थोडं शरीराबाहेर पडून गटारात येतं, आमच्या टाक्यांतले जंतू त्याला तोंड लावत नाहीत आणि ते तसंच नदीत जाऊन माशांना लागू पडतं. यावर बाईंचा उपाय म्हणजे एक पांढरी पूड. तिचे कण इतके बारीक, की एक कण माझ्या एका केसाला हत्तीएवढा मानेल. ती काचेच्या पट्ट्यांवर बसवलेली असते आणि पट्ट्या उथळ टाकीत उभ्या असतात. वर जांभळे दिवे लावले की पूड जागी होते आणि जवळून जाणाऱ्या औषधाचे तुकडे तुकडे करते. दिवा नसला तर नुसती बसून राहते. (हे ऐकून मला तिच्याविषयी आपुलकी वाटली. माझा दिवाही चार महिन्यांपूर्वीच गेला.)

दर मंगळवारी पट्ट्यांवरून बाहेर पडणारं पाणी मी बाटलीत भरतो, बाई ते तपासून आणतात. आत येणारं पाणी त्यांनी सुरुवातीला एकदाच तपासलं होतं. लोकांची दुखणी काय आठवड्याला बदलतात, असा त्यांचा हिशेब. मध्ये त्यांचं यंत्र बिघडलं आणि कित्येक आठवड्यांचे निकाल तुंबले. ते एके दिवशी एकदम मिळाले आणि बाई कागद नाचवत आल्या. "काका, सगळ्यात चिवट औषध होतं ना, तेच शून्यावर आलंय! आता टाकी कोण हलवतंय बघते." (महिनाअखेर चांगला निकाल दिसला नाही तर वरचे साहेब टाकी उचलून नेणार होते.) कागदावर रेघा होत्या. बाकीच्या थोड्या थोड्या उतरलेल्या, आणि एक मात्र चालता चालता जिना संपावा तशी खाली आलेली. मी औषधाचं नाव वाचलं. ते मला पाठ होतं. दोनशे घरांत ते घेणारी एकच बाई होती.

आक्का, ती रेघ ती गेली त्या दिवशी संपली नव्हती. त्याच्या दोन आठवडे आधी, ती विश्रांतीसाठी तुमच्याकडे आली (आणि तिथून परत आली नाही) त्या आठवड्यात संपली होती. इतकी वर्षं ती घरात गोळी घ्यायची आणि त्यातलं थोडं माझ्याच हाताखालून जायचं. मला पत्ता नव्हता.

आता सांगावं तर शब्द मोडतो, गप्प बसावं तर बाई खोट्या शून्यावर पेढी मांडतात. देवापुढे बसलो. देव अशा तांत्रिक बाबींत पडत नाही. मग मलाच अक्कल सुचली. घरी तिच्या गोळ्या उरल्या होत्या, टाकवत नव्हत्या. म्हटलं, त्या पाण्यात सोडू; पुडीची खरी परीक्षाही होईल आणि गुपितही राहील. दिवसाला तीन, असा दोन आठवड्यांचा हिशेब करून बेचाळीस गोळ्या खलबत्त्यात कुटल्या आणि सोमवारी टाकल्या. अंगातून बाहेर येतं ते अगदी थोडं असतं, हे बाईंनी सांगितलेलं त्या वेळी कुठे गेलं होतं कोण जाणे. माझ्या खलबत्त्यातलं मात्र शंभर टक्के गेलं.

मंगळवारच्या पाण्याचा निकाल पाहून बाईंचा चेहरा पुडीसारखा झाला. वसाहतीत एका रात्रीत पन्नास-साठ आकडीचे रोगी उपजले होते. बातमी सेक्रेटरींपर्यंत गेली. (आम्ही त्यांना नोटीसबहाद्दर म्हणतो, घरी चहा हवा असला तरी फळ्यावर लावत असावेत.) नोटीस लागली, की आकडीचं औषध घेणाऱ्यांनी कार्यालयात कळवावं. कळवायला आले ते भलतेच. एक आजोबा झोपेच्या गोळीची कबुली देऊन गेले, एक वहिनी 'आमची फक्त पित्ताची हो' म्हणून शपथा घेत होत्या. इथवर मी हसत होतो. मग कुणीतरी शिंपीकाकांकडे बोट दाखवलं. त्यांचे हात वयामुळे कापतात. दोन दिवसांत लोक शिवायला टाकलेलं कापड परत मागू लागले. काकांनी दुकानाचं दार अर्धं लावून घेतलं. तिला आयुष्यभर ज्याची भीती वाटली, ते मी तिच्याच गोळ्या कुटून एका निरपराध म्हाताऱ्याच्या पदरात टाकलं होतं.

रविवारी सभा होती. मी उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. खलबत्त्यासकट. बाईंनी खाली मान घालून डोळे पुसले. शिंपीकाका म्हणाले, "अरे, मला आधी सांगायचंस, मीच हो म्हणालो असतो." मग आमच्या शेजारच्या काकू उठल्या. "आम्हाला माहीत होतं. अकरा वर्षांपूर्वी जिन्यात पडली होती, मीच उचलली. नंतरही दोन-तीनदा. म्हणाली, ह्यांना सांगू नका, ते काळजी करतात."

मला वाटत होतं, गोळ्यांनी तिची आकडी थांबली. मी तिचं गुपित जगापासून जपत होतो आणि ती ते माझ्यापासून जपत होती.

लोक कापड घेऊन पुन्हा दुकानात गेले. बाईंनी शून्य खोडलं, मोजून औषध घालून नव्याने परीक्षा घेतली. पूड तीनातले दोन भाग फोडते, तिसरा राहतो. हा खरा आकडा पाहून वरच्यांनी टाकी आणखी सहा महिने ठेवली. शब्द मोडल्याबद्दल तुम्ही काय बोलाल ते मी मान खाली घालून ऐकेन.

तुमचा,
पाणीवाला

ता. क. तिच्या गोळ्यांची शेवटची पाकिटं तुमच्याकडे राहिली आहेत. विसरू नये म्हणून ती प्रत्येक गोळीच्या मागे पेनाने वार लिहायची. ती पाठवा. बाईंना प्रयोगाला हवी आहेत.

ता. क. २. वरचं खोटं आहे. बाईंकडे शुद्ध औषधाची बाटली आहे. ती तुमच्याकडे असताना, अगदी शेवटच्या दिवसापर्यंत, मी रोज संध्याकाळी फोन करून विचारायचो, गोळी घेतलीस? ती हो म्हणायची. जिन्याचं कळल्यापासून त्या होकारावर झोप लागत नाही. तुम्हीच पाकिटं उघडून बघा. ती गेली त्या वारापर्यंत गोळ्यांची घरं रिकामी असतील तर पाठवा. नसतील तर पाठवू नका, मला कळवूही नका (आणि गोळ्या मोरीत टाकू नका, औषधाच्या दुकानात द्या). पाकीट आलं नाही तर मी पोस्टाला शिव्या देत राहीन.