पन्नासातल्या वीस

सोलापूर,
४ मार्च १९७८

चि. विजयमाला हिस,
आशीर्वाद.

तुझं पत्र पोचून महिना झाला. करडईची काढणी झाल्याशिवाय उत्तर लिहायचं नाही असं ठरवलं होतं. माझी तब्येत उत्तम आहे. गुडघ्यांचं विचारू नकोस. भवानी पेठेत तुझी आई भेटली. बंगलोरची थंडी मानवली नाही म्हणाली. मी म्हटलं, मुलीला स्वेटर विणायला शिकवलं नाहीत, आता सोसा. हसली.

आता कामाचं. गेल्या मे महिन्यात शाळेने तुझा सत्कार केला, तेव्हा तू तुझं काम समजावून सांगितलंस. बी चुंबकात ठेवायची, तिच्यावर रेडिओच्या लहरी सोडायच्या, आणि आतल्या तेलाकडून जो संकेत परत येतो त्यावरून तेल किती ते ओळखायचं. मी उभी राहून विचारलं, पंधरा वर्षं शिकून याचा उपयोग कुणाला? सभागृह हसलं. तू हसली नाहीस.

सप्टेंबरात तुझी दोन पाकिटं आली, 'अ' आणि 'आ'. दोन्हींत पन्नास-पन्नास बिया, 'अ'मध्ये तेल जास्त, चिठ्ठीमागे तेलाचे आकडे. चिठ्ठीत एकच ओळ होती: 'बाई, ह्या पेरून बघाल का?'

पेरल्या. आपल्या शाळेतल्या शिपाईण सोजरबाई, उशिरा येणाऱ्या मुलींना फाटकात अडवायच्या त्याच, त्यांचा भाऊ हिंदुराव मंद्रूपला शेती करतो. त्याने शाळूच्या कडेने करडईच्या दोन ओळी टाकल्या. मी एका रविवाराआड एस.टी.ने जाऊन नोंद ठेवत होते.

नोव्हेंबरात गेले तर 'अ' ओळीतली सहा रोपं गायब. हिंदुरावची बायको बजाबाई म्हणाली, कोवळी होती, दाट झाली होती, भाजी केली. मी तिला संशोधन म्हणजे काय यावर अर्धा तास ऐकवलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बाई, भाकरी गरम हाय, जेवून जावा की." जेवले. तुझ्या संशोधनाला लसूण जरा जास्त पडला होता, बाकी चव चांगली होती.

तर 'अ' ओळीत चोवीस झाडं राहिली, आणि ती जोमदार वाढली.

इथपर्यंत वाचून तू वजाबाकी केली असशीलच. सहा भाजीत गेली, चोवीस उभी राहिली, झाली तीस. बिया पन्नास होत्या. बाकीच्या उगवल्या नाहीत असं लिहून मी सुटले असते. तसं पत्र लिहिलंही होतं, मग फाडलं. प्रयोगवहीत आकडे जमवून लिहिल्याबद्दल मी मुलींना बाकावर उभं केलेलं आहे. तुलाही, एकदा.

त्या वीस बिया मी पेरणीआधीच फोडल्या. 'आ'मधल्याही वीस. कॉलेजच्या प्रयोगशाळेत पीरसाब म्हणून माझ्या जुन्या ओळखीचा माणूस आहे. त्याच्याकडून ईथर घेतलं, बिया खलात कुटल्या, तेल काढून तिथल्याच तराजूवर वजन केलं. एकेचाळीस साली शिकले त्याच रीतीने. आधी दहा-दहा घेतल्या. तुझे आकडे बरोबर निघाले. माझाच हात चुकला असेल म्हणून आणखी दहा-दहा घेतल्या. पुन्हा बरोबर. पीरसाबने विचारलं, "बाई, और दस कूटूं क्या?" मी पाकीट मिटून पर्समध्ये टाकलं.

तपासून घेणं हा शास्त्राचा धर्म आहे, असं मी स्वतःला चार महिने सांगत होते. खरं ते नव्हे. मला तू चुकलेली हवी होतीस. भर सभेत तुझं हसं केलं होतं, त्याला काहीतरी आधार हवा होता.

पंधरा दिवसांपूर्वी काढणी झाली. हातांना फडकी गुंडाळून काट्यांतून बोंडं काढली, सोबत आलेल्या सोजरबाईंनी आणि मीही दोन तास. बांधावर बसल्यावर हिंदुरावला मी सगळं सांगितलं, फोडलेल्या वीस बियांसकट. त्याने एका बोंडातलं बी काढून तळहातावर घेतलं. मग म्हणाला, "आमी फोडून बघितलेलं बी पेरता येत न्हाय, अन् पेरतो ते आतनं बघितलेलं नसतंय. ह्या पोरीनं बघितलेलंच बी पेरायला दिलं की."

"अन् बाईनी ते फोडलं," बजाबाई म्हणाली. सोजरबाई इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. माझ्यासमोर त्या हसल्याचं बावीस वर्षांत मला आठवत नाही. मग मलाही हसू आवरेना.

माझ्या प्रश्नाचं उत्तर हिंदुरावने दिलं, आणि मी ते पूर्ण गुणांचं धरते. ते गुण तुझे आहेत. मे महिन्यातच द्यायला हवे होते. आता सभागृह नाही, पण हे पत्र मी सोजरबाईंना वाचून दाखवलं आहे, म्हणजे सोमवारी दुपारपर्यंत शाळाभर होईल.

'अ' ओळीचं बियाणं हिंदुरावने राखेत घालून वेगळं ठेवलं आहे. तुझे आकडे आल्याशिवाय त्यातला दाणा पेरणार नाही म्हणतो. त्यातल्या शंभर बिया सोबत पाठवते. तेल पुढच्या पिढीत उतरलं की नाही ते तुझ्या यंत्राला विचार आणि मला कळव. मी तपासणार नाही.

मोजून घे. शंभरच्या शंभर अख्ख्या आहेत.

तुझ्या बाई