विनेशचा गुडघा आणि निळी पट्टी

३ फेब्रुवारी
आजपासून फिजिओथेरपिस्ट म्हणून कडक राहायचं. दादाच्या कबड्डी संघातला विनेश सरावात गुडघा मुरगळून आला. एमआरआय पाहिला. आतला लिगामेंट अर्धा फाटलाय. सहा आठवडे चढाई बंद, म्हणजे महिनाअखेरची जत्रेची स्पर्धा विसरायची. नाहीतर पूर्ण तुटेल आणि जिल्हा संघाची निवडही जाईल. गुडघ्याचं मॉडेल दाखवून समजावलं. तो मॉडेलशी खेळत बसला. जाताना म्हणाला, ताय, तू सांगशील तसा. पेशंट माझ्या मुठीत आहे.

संध्याकाळी
दादा म्हणाला, गुडघा त्याचा, संघ माझा, तू मधी कोन? मी म्हटलं, या घरातली पहिली ग्रॅज्युएट. तो म्हणाला, म्हनून तं घरात कुनाला बोलाची सोय न्हाय.
अज्ञानाशी वाद घालणार नाही. (दोन तास घातला.)

७ फेब्रुवारी
विनेशला मांडीचा व्यायाम दिला होता. गुडघ्याखाली टॉवेल ठेवून दाबायचा. विचारलं, करतोस ना? म्हणाला, करतंय. टॉवेल कुठाय? आयशीनं पोतेरा केला. नवा टॉवेल दिला. शिस्त लागते आहे.

१२ फेब्रुवारी
सूज आहेच. चालताना आधार वाटावा म्हणून निळी टेप लावली. बजावलं की हिने लिगामेंट जुळत नाही, ही फक्त चालण्यापुरती. त्याने चार बाजूंनी सेल्फी काढले. पेशंटला उपचारात रस वाटू लागलाय.

१५ फेब्रुवारी
अख्खा संघ दारात. सगळ्यांना निळी पट्टी हवी. दुखत कुणाचंच काही नाही. एकाला दंडावर हवी, एकाला मानेवर, 'दिसंल अशी'. हाकलणार होते. पण गावात पहिल्यांदाच कुणी आपण होऊन सायन्सकडे आलं होतं. लावली. मग वॉर्म-अपवर लेक्चर दिलं. सुरू होईपर्यंत सगळे होते.

२० फेब्रुवारी
विनेशच्या आईने आमच्या आईला वाटेत गाठून विचारलं, पोराला घरात बसवून तुझ्या पोरीला काय मिलतं? आईने तिला सुनावायचं सोडून घरी येऊन मलाच विचारलं, खरंच गो, काय मिलतं?
आजपासून आईशीही कामापुरतं बोलायचं.

२७ फेब्रुवारी
दादाने रेवस रस्त्यावर फ्लेक्स लावलाय. मधोमध विनेशचा निळी पट्टीवाला गुडघा, माझ्या तोंडाच्या तिप्पट. खाली लिहिलंय, 'वाघ फिट. उपचार: आपली डॉक्टर ताय.' फाडायलाच गेले. माझा फोटो मात्र पदवीदान समारंभातला, काळ्या गाऊनमधला. बाबा समोरच्या टपरीवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवत होते. फ्लेक्स फाडणं हा काही मार्ग नव्हे. उद्या स्पर्धेचा नारळ मीच फोडणार आहे, तेव्हा माइकवरून स्पष्ट सांगेन.

२८ फेब्रुवारी
माइक दादाने शेवटपर्यंत सोडला नाही. नारळ फोडून ओरडले, विनेश खेळणार नाही. त्याच वेळी बँड सुरू झाला. विनेश पाया पडायला वाकला. थांब म्हणून मी हात वर केला. तो नेमका त्याच्या डोक्यावर आला आणि फोटो निघाला. दुसऱ्याच चढाईत पकडीत विनेशचा पाय अडकला. बँड तेव्हा थांबला होता. गुडघ्याचा आवाज मला पहिल्या रांगेत आला.

४ मार्च
विनेशचं पनवेलला ऑपरेशन झालं. जिल्हा संघ गेला. त्याची आई म्हणते, पट्टी ढिली मारली. दादा म्हणतो, हलक्या कंपनीची असंल. विनेशला भेटायला गेले तर भिंतीकडे तोंड करून म्हणाला, तू नीट सांगितला असता तं मी उतरलोच नसतो.
फ्लेक्स अजून आहे. दोऱ्या उंच बांधल्यात, हात पोचत नाही.

९ मार्च
चौलचा बाळाजी बैल घेऊन आला. किनाऱ्यावर शर्यत आहे, बैल पुढच्या पायाने लंगडतो. फ्लेक्सवरची पट्टी मारून हवी. साफ नाही म्हटलं. मॉडेल आणि व्यायामाचा टॉवेल आणून विश्रांतीचं महत्त्व पहिल्यापासून समजावलं. बाळाजी निम्म्यात उठून टपरीवर गेला. बैल मात्र शेवटपर्यंत थांबला, मधूनमधून मानही हलवत होता. असा पेशंट या गावात पहिल्यांदाच मिळाला.
टॉवेल त्याने खाल्ला.