अशांत प्रदेशाचा रकाना

अल नहदा, शारजा
बुधवार, ५ नोव्हेंबर

आदरणीय हम्माद मामू,

अस्सलामु अलैकुम. आधी घटनाक्रम.

१. रविवारी, १९ ऑक्टोबरला, इथल्या मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मराठी वक्तृत्व स्पर्धेचं पोस्टर गेलं. विषय : 'अध्यक्षांचे परराष्ट्र धोरण : अशांत प्रदेशातील कामगिरीचे मूल्यमापन'.
२. विषयातले अध्यक्ष अमेरिकेचे होते.
३. तसं पोस्टरवर लिहिलेलं नव्हतं.
४. वीस मिनिटांत मंडळाच्या अध्यक्षांना, म्हणजे आमच्या यूनुस चाचांना, म्हणजे तुमच्या मेहुण्यांना, सेक्रेटरी शौकतभाईंचा फोन आला : "यूनुसभाई, तुमच्यावर अविश्वासाचा ठराव आलाय."
५. अशांत प्रदेश म्हणजे तुमचं अल ऐन, असं सर्वानुमते धरण्यात आलं.
६. २ नोव्हेंबरला स्पर्धा पार पडली. परीक्षक मी होते.
७. निकाल लागलेला नाही. तो तुमच्यापाशी अडला आहे.

आता खुशाली. घटनाक्रम वर घेतला, कारण जहांआरा चाची म्हणतात की शारजाहून आलेलं काहीही तुम्ही पहिल्या दहा ओळींनंतर बाजूला ठेवता. तुमचा गुडघा कसा आहे? साखरेचा तीन महिन्यांचा आकडा किती आला? ("बरी आहे" हा आकडा नव्हे.) हिबा मामींना सलाम. मी ठीक आहे. आठवडाभर अबू धाबीच्या मुसफ्फ्यात कारखान्यांची प्रेशर गेज तपासते, शुक्रवारी संध्याकाळी चाचांकडे येते, सोमवारी पहाटेच्या बसने परत. या आठवड्यात रजा घेतली आहे. कारण घरात अध्यक्ष आहेत आणि ते बोलत नाहीत.

विषय उमैमाने सुचवला होता. चाचांची ही मुलगी आता अकरावीत आहे आणि शाळेत संयुक्त राष्ट्रांची नक्कल करतात त्या स्पर्धांना जाते. गेल्या वर्षी ती तीन दिवस नॉर्वे होती. मंडळाला मुलांनी मराठीत बोलावं असं वाटत होतं, मुलांना बोलावंसंच वाटत नव्हतं, तेव्हा उमैमा म्हणाली, "ओके फाइन, पण टॉपिक मी देणार." अमेरिकेच्या अध्यक्षांनी या भागात काय केलं, काय करायचं राहिलं, त्याला किती गुण द्यायचे. (कोणते अध्यक्ष ते लिहीत नाही. या पत्राचा फोटो काढून तुम्ही कोणाला पाठवाल असं नाही, पण मी गेजसुद्धा सील करून पाठवते.) पोस्टर तपासायला माझ्याकडे आलं. आपण इथे पाहुणे आहोत. हॉलच्या दारावर कुठल्या देशाचं नाव आणि कुठल्या प्रदेशाचं नाव लिहून त्याखाली 'मूल्यमापन' लिहिणं मला बरं वाटलं नाही. मी 'अमेरिकेच्या' आणि 'पश्चिम आशियातील' हे शब्द काढले. उरलं ते वर क्रमांक एकमध्ये आहे.

मंडळात अध्यक्ष एकच. त्यामुळे कोणाचे अध्यक्ष, असा प्रश्न दोनशे बारा सभासदांपैकी एकालाही पडला नाही. प्रश्न पडला तो 'परराष्ट्र' या शब्दाचा. त्यासाठी कार्यकारिणीची सभा झाली. दुसरी अमिरात परराष्ट्र धरायची का? शौकतभाईंनी मार्ग काढला : जिथे जाण्यापूर्वी पेट्रोल भरावं लागतं ते परराष्ट्र. मंडळाचं भांडण असलेलं आणि पेट्रोल लागणारं ठिकाण एकच निघालं. अल ऐन अशांत आहे हे अल ऐनमध्ये कोणाला ठाऊक असेल असं मला वाटत नाही. मागे मी तिथे कामाला गेले होते तेव्हा दुपारी दोन वाजता सगळ्या रस्त्यावर मिळून एक मांजर होतं आणि तेही झोपलेलं.

मी खुलासा करायला गेले. चाचा इस्त्री करत होते. (ते अस्वस्थ असले की इस्त्री करतात. त्या दिवशी पडदेही झाले.) मी म्हटलं, चाचा, हे अमेरिकेबद्दल आहे. ते म्हणाले, "काय गो, मला समजावतेस? तीस वर्षं इथे काढली मी. मोठ्या माणसावर बोट ठेवायचं असलं की लोक अमेरिकेचंच नाव घेतात." मग थोड्या वेळाने उमैमाला विचारलं की यात निगेटिव्ह मार्किंग असतं का. उमैमा म्हणाली, "डॅडी, इट्स नॉट अबाउट यू!" चाचा मला म्हणाले, बघ, पोरगीही सांभाळून घेतेय.

दोन आठवडे असे गेले. जुन्या कॅलेंडरांच्या मागच्या पानांवर त्यांनी टिपणं काढली, ती एका फाइलीत लावली आणि फाइलीवर लिहिलं : 'अल ऐन'. चाची ती फाइल रोज पुसायच्या, उघडायच्या नाहीत.

स्पर्धेला मुलं तीन आणि मोठी माणसं एकोणचाळीस आली. मुलांपैकी दोघांनी एकमेकांचंच भाषण म्हटलं, त्यांना उत्तेजनार्थ देऊन बसवलं. मग उमैमा उठली. तिने खरोखर अमेरिकेच्या अध्यक्षांवर भाषण तयार केलं होतं, चार मिनिटं, मुद्देसूद, आणि ते तिने मराठीत केलं हे मी आधी नोंदवते. ती म्हणाली, अध्यक्षांनी या प्रदेशाला गृहीत धरलं. जुन्या मित्रांचा सर्वांसमोर अपमान केला आणि तो विनोद होता असं सांगितलं. (मागच्या रांगेतून कोणीतरी : "सांदणं!") मित्र निघून गेले तेव्हा त्यांना थांबवलं नाही. नंतर मदत पाठवली, पण तिथल्या लोकांना काय हवं आहे हे विचारलं नाही. ("खजूर, खजूर!") एकदा बोललेला शब्द मागे घेतला तर आपण दुबळे दिसू, अशी त्यांना भीती वाटत राहिली. इथे शौकतभाईंनी टाळी वाजवली आणि ताबडतोब ती डास मारल्यासारखी दाखवली.

मामू, सांदणांची गोष्ट तुम्हाला सांगायला नको, पण नोंदीसाठी लिहिते. तीन वर्षांपूर्वी ईद मिलनला हिबा मामींनी दोनशे चाळीस सांदणं वाफवली, तुम्ही ती दीड तास गाडीत सांभाळून आणलीत, आणि चाचा माइकवर म्हणाले : "अल ऐनची सांदणं आलेली आहेत, दात ज्याचे त्याने सांभाळावेत." हॉल हसला. तुम्ही सगळे डबे उचललेत, पुन्हा डिकीत ठेवलेत आणि निघून गेलात. पुढच्या महिन्यात अल ऐनचं वेगळं मंडळ झालं. त्यानंतर तीन ईदांना चाचांनी तुम्हाला खजुराच्या पेट्या पाठवल्या. अल ऐनला खजूर. रत्नागिरीला हापूस पाठवावेत तसे. पेटी प्रत्येक वेळी न उघडता परत आली आणि तिसऱ्या वेळी तुमची चिठ्ठीही आली : "आमच्याकडे झाडं आहेत." तुम्हाला तो टोमणा वाटला, हे मी समजू शकते. पण चाचांना टोमणा मारायचा असता तर त्यांनी माइक घेतला असता. पेटीसाठी ते स्वतः तीन दुकानं फिरले होते.

उमैमा बसल्यावर चाचांनी उत्तराचा हक्क मागितला. नियमांत तो नव्हता. मी तीन मिनिटं दिली. ते फाइल घेऊन उठले, पहिलं पान वाचायला लागले, "दिनांक अमुक रोजी सदर सांदणं", आणि थांबले. फाइल मिटून शौकतभाईंच्या मांडीवर ठेवली. म्हणाले, "हे सगळं बरोबर लिहिलंय मी. तारखा बरोबर आहेत. पण सांदण मी खाल्लंच नव्हतं. ताटलीत बघून बोललो. लोक हसतील म्हणून बोललो आणि हसले, तेव्हा बरं वाटलं." मग बराच वेळ ते माइक या हातातून त्या हातात घेत राहिले. "चूक माइकवर झाली, तर माफी पण माइकवर मागायला हवी. म्हणून मागतो. पण हा माइक अल ऐनपर्यंत ऐकू जात नाही, ही माझ्या धोरणातली अडचण आहे."

दोन मिनिटं दहा सेकंद.

त्यानंतर नाव न देता चाची उठल्या. तुमची बहीण माणसांसमोर बोलत नाही, ते तुम्हाला माहीत आहे. त्यांनी माइक घेतला नाही. म्हणाल्या, "माझा भाऊ तीन वर्षं माझ्या घरी जेवला नाही. आता अध्यक्षांना काय गुण द्यायचे ते द्या." आणि बसल्या. प्रत्येक वक्त्याला चार मिनिटं होती. त्यांनी सात सेकंद घेतले. मग शौकतभाई म्हणाले, यल्ला, चहा घेऊ या.

आता निकालाचं. गुणपत्रिका मी स्पर्धेआधीच केली होती आणि ती खऱ्या अध्यक्षांसाठी होती. तीच चाचांना लावली. (उमैमा रागावली आहे. "बट माय प्रेसिडेंट वॉज रिअल, आपा!" तिची बाजू बरोबर आहे.) रकाने पाच, प्रत्येकी वीस गुण. उद्दिष्ट चांगलं होतं का : अठरा. साधनं योग्य होती का : खजुराकडे पाहता तीन. सातत्य : तीन ईद, म्हणून पंधरा. चूक कबूल करण्याची तयारी : उशीर वजा करून बारा. बेरीज अठ्ठेचाळीस, चार-पाच गुण इकडे-तिकडे. पाचवा रकाना आहे 'त्या प्रदेशातल्या लोकांचं म्हणणं'. तो मला भरता येत नाही. गेज कितीही चांगलं असलं तरी ज्या पाइपचा दाब मोजायचा त्याला ते जोडावं लागतं, शेजारच्या पाइपवर लावून प्रमाणपत्र देता येत नाही. मोठ्या अध्यक्षांच्या बाबतीतही माझं हेच म्हणणं आहे. त्यांच्या धोरणावर दूरच्या शहरांत जाड पुस्तकं निघतात आणि त्यात यश किती, अपयश किती, सगळं असतं. या भागात राहणाऱ्यांना मात्र त्यांचं धोरण कळतं ते विमान वळवलं गेल्यावर, किंवा कोणाच्या तरी घरून फोन लागत नाही तेव्हा. त्यांच्यासाठी रकाना नसतो. असला तर सगळ्यात शेवटी असतो आणि तोपर्यंत पान संपतं. माझ्या पत्रिकेतही तो शेवटीच आहे, हे मी काल पाहिलं. पुढच्या वर्षी वर घेईन.

चाचांनी तेव्हापासून अध्यक्षपदाचा विषय काढलेला नाही. इस्त्री करायला घरात काही उरलेलं नाही. काल चाचींनी जेवायच्या टेबलाला सहावी खुर्ची लावली. पाच खुर्च्यांच्या त्या टेबलापाशी ती मावत नाही, फ्रीजचं दार उघडत नाही. फ्रीजमधलं काही हवं असलं की चाचा ती उचलून बाजूला ठेवतात आणि पुन्हा जागेवर आणून ठेवतात.

उद्या आमच्या कंपनीची गाडी तुमच्या इस्पितळात गेज तपासायला येणार आहे. रजा उद्यापुरती मोडून मीही तिच्यात असेन. हे पत्र तुमच्या स्टोअरच्या खिडकीत देईन आणि भेटायला थांबणार नाही. तोंडी निरोपात त्रुटी जास्त राहते. शिवाय माझा चेहरा पाहून तुम्ही हो म्हणाल, ते मला मोजता येणार नाही.

चाची आणि उमैमाचे सलाम. चाचांनी सलाम सांगितलेला नाही, पण मी लिहायला बसले तेव्हापासून ते चार वेळा या खोलीत चार्जर शोधायला आले आहेत. चार्जर त्यांच्या हातात आहे.

तुमची,
यम्ना

ता. क. १ : शनिवारी, १५ नोव्हेंबरला, दुपारी दीड वाजता इथे जेवण आहे. हिबा मामींनी सांदणं आणावीत, अशी अध्यक्षांची विनंती आहे. पहिलं सांदण ते सर्वांसमोर खाणार आहेत. खजूर आणू नयेत. तिन्ही पेट्या अजून घरातच आहेत.

ता. क. २ : पोस्टरमधले शब्द मी काळजीपोटी काढले, असं वर लिहिलं आहे. ते खरं आहे, पण अपुरं. काढल्यावर काय उरतं हे मी वाचलं होतं. दोनदा. मग पाठवलं. हे चाचांना सांगू नये.

ता. क. ३ : त्या दिवशी तुम्ही डबे उचलण्याआधी मी एक सांदण खाल्लं होतं. ते मऊ होतं. हॉलमध्ये ते खाल्लेली बहुधा मी एकटीच होते आणि मी तेव्हा बोलले नाही. तीन वर्षं उशीर झाला आहे, तो माझ्या नावावर धरावा.

गाडी पुढच्या गुरुवारी पुन्हा येईल. पाचव्या रकान्यातला आकडा आणि शनिवारी किती माणसं येणार, हे दोन्ही गुरुवार, १३ नोव्हेंबरपर्यंत लेखी कळवावं.