धूर न पाहिलेला वारस

धंतोली, नागपूर
१९ फेब्रुवारी १९७४

प्रिय शरद,

ड्रायव्हर केशवला गाडी घेऊन गढीवर पाठवते आहे, त्याच्याच हाती हे पत्र. एकटा बसून वाच. रुपराव जवळ असतील तर त्यांना संत्र्याची तोड बघायला बागेत धाड. चुलतभाऊ म्हणून ते तुझा दावा सांभाळतात तसं तुझं टपालही सांभाळतात, हे मला चांगलं ठाऊक आहे. आणि मधूनच पान उलटून शेवट वाचू नकोस, लहानपणापासूनची तुझी खोड आहे ती.

डॉक्टरांनी दादांची आशा सोडल्याचं मी तुला कळवलं होतं. तू आला नाहीस. मला राग आला, अजून आहे. माझ्या घरामागेच दवाखाना, म्हणून रोज डबा मीच नेत होते. राजेपण सरकारनं काढून घेतलं, पण आपल्या दादांना ते कोणी कळवलंच नसावं. नर्सला हाक मारायची तर "कोण आहे तिकडे" म्हणायचे! ती बिचारी केरळची, हसून यायची. दारात कोणाची चाहूल लागली की मात्र मान वळवायचे आणि मी दिसले की पुन्हा भिंतीकडे बघायचे. कोणाची वाट बघत होते ते मी विचारलं नाही.

तुमचं भांडण मला पाठ झालंय. दादांचं म्हणणं, गढी आणि बागा गादीबरोबर जातात, म्हणजे सगळं थोरल्याचं आणि धाकट्याला पोटगी. तुझं म्हणणं, गादीबिदी काही उरलेलं नाही, एका बापाची दोन मुलं, निम्मं निम्मं. लेकीचं काय, हे दोघांपैकी एकालाही सुचलं नाही. माझं नाव आलं ते साक्षीदारांत. तुला सगळ्यांत झोंबलं ते आबासाहेबांच्या अंत्यविधीचं. दादांच्या वकिलानं भर कोर्टात विचारलं, वडलांना अग्नी कोणी दिला? तू म्हणालास, मी. मग झालं तर, म्हणाला तो, या घराण्यात अग्नी देतो तो धाकटा आणि गादीवर बसतो तो वारस. बापाला आग दिली म्हणून मी बेदखल, असं तू माझ्या ओसरीवर बसून म्हणाला होतास आणि तेव्हा तुझ्या हातातला चहा तसाच निवला होता.

पण त्या दिवशी तू घाटावर होतास शरद, आणि मी दादांजवळ. आत काय झालं ते तुला कधी कोणी सांगितलं नाही. गादी क्षणभरही रिकामी राहू नये म्हणून आबासाहेबांना उचलण्याआधीच दादांना तिच्यावर बसवलं. बसलेल्यानं प्रेत पाहायचं नाही, चितेचा धूरसुद्धा पाहायचा नाही, दहा दिवस उंबरा ओलांडायचा नाही. खिडक्यांवर गोधड्या टांगल्या होत्या. बाहेर जरीपटका आणि आत हा विशीतला मुलगा गुडघ्यांत डोकं घालून बसलेला. मला म्हणाला, पमे, तू बघ आणि सांग. मी स्टुलावर चढले, गोधडीची कड उचलली आणि नदीच्या अंगाला धूर दिसत होता तो त्याला सांगत राहिले. कसा वर चालला आहे, कुठं वळला. तो ऐकत होता आणि रडत होता. रडायचीही मनाई होती, म्हणून आवाज न करता.

परवा दादांना जरा बरं वाटत होतं. उशीला टेकून बसले आणि आपण होऊन बोलले, "शरदले वाटते, सारं मीच घेतलं. आबासाहेब त्याच्या खांद्यावरून गेले, मले गादी भेटली. मी बदलाबदल केली असती वं, पण कोनी इचारलंच नाही." मग म्हणाले, "मले आग त्यानंच द्यावी. त्याले सांगजो."

आता रुपरावांचा बेत. त्यांनी तो तुझ्या कानावर घातला आहे आणि तू नाही म्हणाला नाहीस, हे मला त्यांच्याच बायकोकडून कळलं. दादांना मूलबाळ नाही. गादी आहे असं धरलं तर पुढचा वारस तू, मग निम्मं कशाला, सगळंच तुझं. कुसुमवहिनींना फक्त पोटगी. त्यासाठी एवढंच करायचं, बातमी येताच गादीवर जाऊन बसायचं. जी गादी नाही म्हणून तू इतकी वर्षं शपथेवर सांगितलंस, तीच. ऐकून मला लाज वाटली तुझी. आणि एकदा बसलास की घाटावर येता येणार नाही. दादांना अग्नी देईल दुसराच कोणीतरी, आणि तू गोधड्या लावलेल्या खोलीत असशील. तिथं तुला धूर सांगायला मी येणार नाही.

शरद, दादा आज सकाळी गेले. हे पहिल्या ओळीत लिहायला हवं होतं. पण मग पुढचं तू वाचलं नसतंस, आणि बातमीसरशी रुपरावांनी तुझ्यासाठी गादी झाडून घेतली असती. म्हणून मी कोणालाच कळवलेलं नाही. दवाखान्यातून त्यांना माझ्याकडे आणलं, दार लावून घेतलं. केशवला काही माहीत नाही, दादांनी बोलावलंय एवढंच त्याला सांगितलं आहे. बातमी फुटायच्या आत तू निघालास तर अग्नी तू देशील आणि गादीचा प्रश्न तिथंच मिटेल. निम्मं तुझं, निम्मं वहिनींचं, तू म्हणत होतास तसंच. मी वहिनींच्या पाया पडून सांगितलं, शरद येईपर्यंत रडू नका, आवाज बाहेर जाईल. त्या सकाळपासून तोंडात पदर कोंबून दादांच्या उशाशी बसल्या आहेत. लवकर ये रे. त्यांना रडायचं आहे.

तुझीच,
पमाताई