फुंक मारा, गजाननजी

३ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी ९
लाइसन्स परत मिळालं. सहा महिने सस्पेंड होतं. कारण काय, तर भर दुपारी पलासिया चौकात पोलिसानं माझी स्कूलबस थांबवून तोंडाशी दारू तपासायची मशीन धरली आणि मशीन बोंबलली. मागे अडतीस मुलं. एकालाही ओरखडा नाही! तरी सगळ्यांना फुटपाथवर उतरवून आईबापांना फोन केले. नुसता तमाशा.
संकल्प: आठ दिवसांत ड्रायव्हरचीच नोकरी. दारू बंद. (बिअर दारूत मोजत नाहीत.)

५ फेब्रुवारी
दुसऱ्या एका स्कूलबसवाल्या स्वानंदजींचं ऑफिस. एसी, टाय. जन्मात स्टेपनी बदलली नसेल. विचारतात, सहा महिने काय करत होता? म्हटलं, तबियत. त्यांनी कॉम्प्युटर माझ्याकडे फिरवला. सगळं लिहिलेलं. म्हणे, "बच्चों का मामला है, गजाननजी." मी सुनावलं, आमचे पणजोबा होळकरांच्या फौजेत चार घोड्यांची गाडी हाकायचे, त्यांना कोणी फुंकायला सांगितलं नाही. स्वानंदजी म्हणाले, पाणी घ्या. अडाणी माणूस.

८ फेब्रुवारी
मल्हारगंजचा ट्रॅव्हल्सवाला. पान चघळत म्हणाला, भिया, व्यसनमुक्ती केंद्राचं पत्र आणा, मग बोलू. याला व्यसनी कोण हेच माहीत नाही. व्यसनी रोज पितो. मी मंगळवारी घेत नाही.

११ फेब्रुवारी, मंगळवार
घेतली नाही. हात थरथरले. थंडी. कपातला चहा बशीत, बशीतला शर्टावर. बायको, प्रेमलता, बघत राहिली. बघण्यासारखं काय होतं त्यात?

१४ फेब्रुवारी
केंद्रात गेलो, पत्रापुरता. प्रेमलता बळंच सोबत. काउन्सिलर मधुवंती मॅडम, आमच्या मुलीच्या, पलकच्या वयाच्या. विचारतात, दिवसातली पहिली कधी? म्हटलं, घेतलीच तर जेवणाआधी. प्रेमलता मध्येच बोलली, "चहाच्या आधी. गीझरच्या मागे ठेवतात."
परक्या माणसांत नवऱ्याची बदनामी! आणि हिला गीझरच्या मागचं कसं कळलं?
पत्र मिळालं नाही. दर शुक्रवारी या, म्हणे. मी कशाला जातोय.

२४ फेब्रुवारी
आठाचे एकवीस दिवस झाले. दोष मार्केटचा.
आज नीरज भेटला. बारा वर्षांपूर्वी माझ्या बसवर क्लीनर होता. रिव्हर्स मी शिकवला. आता चार टेम्पो ट्रॅव्हलर आहेत त्याच्याकडे. त्यात काय, गाड्या कोणीही घेतं. पण उस्ताद म्हणतो अजून. उद्या एक फॅमिली उज्जैनला न्यायची आहे, ट्रायल. सकाळी मशीनमध्ये फुंकायचं, एवढीच अट. मास्तरची परीक्षा चेला घेणार! ठीक आहे, दाखवतो.

२५ फेब्रुवारी. दुपारी १२
सकाळी दोनच घोट घेतले. थरथरत्या हातानं स्टिअरिंग धरणं लोकांच्या जिवाशी खेळ आहे. जबाबदारी म्हणून घेतले. वर लवंग, वेलची.
फुंकलं. लाल.
मशीन स्वस्तातली, म्हटलं. नीरजनं पाच मिनिटं थांबून परत फुंकायला लावलं. परत लाल. गाडीत आजोबा, दोन सुना, पोरं बसलेली. सगळी खिडकीतून माझ्याकडे बघत होती. नीरज ओरडला असता तर चार शब्द मीही सुनावले असते. तो वाकून पाया पडला. "उस्ताद, घर जाओ. रिक्षानं जा." आणि स्वतः स्टिअरिंगवर बसला.
चालतच आलो. रिक्षावाल्यांना कुठे चालवता येतं.

३ मार्च
नोकरी मिळाली! नीरजकडेच. ट्रान्सपोर्ट लाइनच म्हणायची. प्रेमलता त्याच्याकडे जाऊन काय बोलली, ते मी विचारलं नाही.
काम: गाड्या धुणं. चाव्या ऑफिसात, कुलुपात.
आज एका गाडीखाली पाणी साचलं. दोन हात मागे घ्यायची होती. मी बावीस वर्षं बस चालवली आहे. हाक मारली. नीरजची बायको खुशी हिशोब सोडून आली, चावी घेऊन बसली. नवीन शिकली आहे, भिंतीला लावणार, नक्की. मी मागे उभा राहून हात दाखवत राहिलो, आने दो, आने दो.
सरळ घेतली. एका दमात.
खाली उतरून म्हणाली, "ठीक आहे ना, काका?"
म्हटलं, ठीक आहे. बादली उचलली.