रेडिएटरात हळद

३० मार्च, रविवार. पाडवा.
वैष्णवीने ही डायरी दिली. तिच्या ऑफिसात फुकट मिळालेली. म्हणाली, आई, आमच्यावर जे जे ओरडायचंय ते यात लिहीत जा. पोरगी कमवायला लागली की आईला असं बोलायची मुभा मिळते वाटतं. मी चौथी शिकलेय. ओरडायला तेवढं पुरतं.

सोसायटीत आज जिकडेतिकडे नव्या गाड्या. हार, नारळ, पेढे. आमचे सोमनाथराव खिडकीत उभे राहून लोकांच्या गाड्यांकडे अशा नजरेने बघत होते, की तशी नजर लग्नात माझ्या वाट्याला आली नव्हती. म्हणाले, आपली तेरा वर्षांची झाली, देऊन टाकू. मी म्हटलं, तुम्ही अठ्ठावन्नचे झालात, मी काही बोलले का.

चांगली उंच गाडी, ना जीप ना कार. झालंय काय, तर पुढून जरा पाणी गळतं. नाक गळतं म्हणून मी कधी नवरा बदलला नाही.

संकल्प: गाडी घरीच दुरुस्त करणार, मी स्वतः. आणि आखाजीला (वैष्णवी अक्षय्य तृतीया म्हणते) माहेरी नामपूरला तीच गाडी चालवत जाणार, मी स्वतः. यंदा न्यायला मुराळी नको. लग्न झाल्यापासून दर आखाजीला माझा धाकटा भाऊ भिकन मला न्यायला नाशिकला येतो. मागच्या वर्षी झोक्यापाशी सगळ्या बायांसमोर त्याची बायको सगुणा म्हणाली, ऐन कांद्याच्या दिवसात वन्संना आणण्यात ह्यांचा दिवस मोडतो. हसत हसत म्हणाली, म्हणून जास्त लागलं.

भिकनला फोन केला. सांगितलं, येऊ नको, माझ्याकडे गाडी आहे. तो दोनदा म्हणाला, काय म्हणालीस? रेंज नसणार.

३ एप्रिल, गुरुवार.
गंगापूर रोडच्या एका मोठ्या गॅरेजात गेलो. एसी, सोफा, कॉफीचं मशीन. जिथे कॉफी फुकट तिथे बाकी सगळं काय भावाने असणार ते दारातच कळलं. टायवाला म्हणाला, मॅडम, रेडिएटर गेलाय, नवीन टाकावा लागेल. मी विचारलं, तुमच्या घरी हंडा गळला तर फेकून देता का डाख लावून आणता? तो म्हणाला, आमच्याकडे हंडा नाही, प्युरिफायर आहे.
अशा माणसाच्या हातात गाडी द्यायची. परत आलो.

६ एप्रिल, रविवार.
सकाळी बॉनेट उघडायला घेतलं. आधी डिझेलचं झाकण उघडलं. मग डिकी. मग परत डिझेलचं. बाईमाणसाने हात लावू नये म्हणून कंपनीवाले मुद्दाम लपवून ठेवतात. शेवटी वैष्णवीने येऊन एका बोटाने उघडलं. मी सैल करून ठेवलं होतं म्हणून उघडलं.

आत सगळ्यावर काळं प्लास्टिक. बघण्यासारखं काही ठेवलेलंच नाही. पहिल्या मजल्यावरच्या मालिनीताई, बँकेतून रिटायर झालेल्या, गॅलरीतून विचारतात, मेकॅनिकचा नंबर देऊ का. मी म्हटलं, मीच मेकॅनिक. त्या म्हणाल्या, अच्छा. बँकेत लोकांचं कर्ज नाकारताना असंच म्हणत असतील.

९ एप्रिल, बुधवार.
उपाय सापडला. हळद. नामपूरचे ट्रकवाले रेडिएटर गळला की पाण्यात हळद टाकायचे. हळद फुगते, भोक बुजतं. वैष्णवीने फोनवर बघितलं. म्हणे खरंय, पण चमचाभरच, आणि तेही गॅरेजपर्यंत पोचायला. मी म्हटलं, तुझ्या फोनने कधी शंभर माणसांची आमटी केलीय का. हळद अंदाजाने टाकतात. माझा अंदाज एक वाटीचा.
संध्याकाळी गळती बंद. मसाल्याच्या डब्यात बसणाऱ्या कामाला त्या टायवाल्याला अख्खं गॅरेज लागतं.

१३ एप्रिल, रविवार.
परत गळतंय. पिवळं. मालिनीताई खाली येऊन विचारून गेल्या, पार्किंगच्या फरशीवर कसले डाग, कोणाचं लग्न आहे का. मी सांगितलं, फरशी आधीच कळकट होती, आता निदान रंग आला.

हळदीचा दोष नाही. ती एकटी पडली. जोडीला चिकट काहीतरी पाहिजे. थंडीतल्या लाडवांचा डिंक उरला होता, तो कुटला, कोमट पाण्यात कालवला आणि ओतला. वर आणखी एक वाटी हळद. एकजीव होईपर्यंत गाडी चालू ठेवली.
एक थेंब नाही. फरशी कोरडी ठणठणीत. मालिनीताईंना मुद्दाम बोलावून दाखवली.

१७ एप्रिल, गुरुवार.
सोमनाथराव गाडी घेऊन कामावर निघाले आणि अर्ध्या रस्त्यातून परत आले. म्हणे इंजिन तापल्याचा काटा लाल रेघेवर गेला. पाणी गळत नाही तर इंजिन तापेलच कसं? म्हणजे काटा बिघडलाय. एक बिघाड होता तो मी काढला. आता दुसरा निघाला तर तो माझा कसा?

शिवाय म्हणे गाडीत कढीचा वास येतो आणि बसल्या बसल्या भूक लागते. एवढी वर्षं घरात कढी करतेय, तेव्हा नाही कधी सांगितलं भूक लागते म्हणून.
काट्यावर सप्तशृंगीचा स्टिकर लावला. आता यांना घाबरायला काही उरलं नाही.

२२ एप्रिल, मंगळवार.
सोमनाथरावांनी मला न विचारता गिऱ्हाईक आणलं. त्या माणसाने पाण्याच्या टाकीचं झाकण उघडलं, आत बोट घातलं, हुंगलं, आणि चहा न घेताच गेला. गाडी वाचली. हळदीचा हाही एक गुण.

२४ एप्रिल, गुरुवार.
भिकनचा परत फोन. "ताई, तुले लेवाले येऊ का?" मी म्हटलं, तू तुझे कांदे काढ. मग विचारतो, गाडी चांगली शे ना. मी म्हटलं, नवी होती तेव्हाही इतकी चांगली नव्हती. मग म्हणतो, आदल्या दिवशी सकाळी नाशिकला निघालो नाही तर आखाजी आल्यासारखी वाटणार नाही.
वय झालं की माणसं उगाच बोलत बसतात. मी फोन ठेवला.

२८ एप्रिल, सोमवार.
उद्या निघायचं. डिकीत सगुणाला साडी (भारीतली, मुद्दाम), भिकनला धोतरजोडी, आणि पाण्याचे मोठे कॅन. पाणी गाडीसाठी नाही. ऊन आहे म्हणून. सोमनाथरावांना चला म्हटलं तर म्हणे सुट्टी नाही. काल होती, पण मग गाडीने जायचंय हे कळलं.

वैष्णवी येतेय. संध्याकाळी म्हणाली, आई, निघायच्या आधी एकदा कोणाला तरी दाखवू या. मी म्हटलं, मी बघतेय ना महिनाभर. माझ्याइतकं कोण बघणार?

२९ एप्रिल, मंगळवार.
सकाळी. निघालो. काटा जागेवर. दिसत नाही, पण जागेवरच असणार.

पिंपळगाव. गाडी लोण्यासारखी.

सोग्रस फाटा. कढीचा वास. वैष्णवी म्हणते थांबू. ढाब्याचा असेल, म्हटलं. ढाबा दिसला नाही.

भावडबारीचा घाट. थांबलो. मी नाही, गाडीने ठरवलं.

बॉनेटमधून वाफ. मग टाकीचं झाकण उडालं आणि काचेवर, डांबरावर, लांब उभी होते तरी माझ्या साडीवर सगळीकडे हळद. एक मोटारसायकलवाला थांबून विचारतो, मावशी, नवरी कुठंय. तासाभराने कॅन ओतून बघितले. पाणी आत जातच नाही, वरच्या वर परत येतं. आत पिठलं झालंय. डिंक जरा हलका घ्यायला पाहिजे होता. तो लाडवांचा, म्हणजे चूक दुकानदाराची.

वैष्णवीने मला न विचारता मामाला फोन केला. तिच्याशी बोलत नाही.

संध्याकाळी, नामपूर. भिकन कांद्याची पिकअप घेऊन आला. मजूर शेतात तसेच सोडून. मी नको म्हटलं होतं की नाही? म्हटलं होतं. त्याने हळदीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, खाली बसून दोर बांधला. म्हणाला, ताई, पुढे माझ्याजवळ बस. मी म्हटलं, वैष्णवीला बसव, मी आले तर इकडे स्टिअरिंग कोण धरणार?

इंजिन बंद, स्टिअरिंग दगडासारखं, ब्रेकवर उभं राहिलं तरी लागत नाही, पुढे दोर. अशी गाडी चालवायला कुठलं ड्रायव्हिंग स्कूल शिकवतं? देवळ्याला भिकनने पिकअप थांबवली आणि उसाच्या रसाचा ग्लास माझ्या खिडकीशी आणून दिला. मी उतरले नाही. ड्रायव्हरने गाडी सोडायची नसते. तो मी पिऊन होईपर्यंत उन्हात उभा होता.
तर गाडी मीच नामपूरला आणली. ठरल्याप्रमाणे.

३० एप्रिल, बुधवार. आखाजी.
मांडे, आमरस, झोका. बायांनी विचारलं, गाडी कोणी आणली. मी सांगितलं, मी. आणि सगुणाकडे बघितलं. ती खापरावर मांडा टाकत होती. म्हटलं, आता बोलेल. माझं उत्तर तयार होतं, महिनाभर घोकलेलं.

ती म्हणाली, "वन्सं, तुम्ही येऊ नको म्हणालात त्या दिवसापासून हे माझ्याशी धड बोलत नाहीत. म्हणतात, तुझ्यामुळे माझी बहीण तुटली. मी आपली गमतीत बोलून गेले होते." आणि डोळे पुसले. धूर होता.

मी काही तुटले नव्हते. माझ्याकडे गाडी होती, एवढंच. घोकलेलं उत्तर इथे कुठे बसेना, म्हणून पुढचा मांडा मी टाकला. फाटला. खापर जास्त तापलं होतं.

दुपारी गावातला मेकॅनिक येऊन गेला. इंजिनच बसलं म्हणाला. तेरा वर्षं चाललेली गाडी नेमकी मी दुरुस्त केल्यावर कशी बसते, हे त्याला सांगता येईना. सोमनाथरावांना फोनवर सांगितलं. ते वाईट वाटल्याचा आवाज काढत होते. जमत नव्हता. परत जायचं एसटीने.

ऊन उतरल्यावर भिकन गाडीच्या काचेवरची हळद ओल्या फडक्याने पुसत होता. जात नव्हती. मी जवळ गेले तर मान वर न करता म्हणाला, "ताई, पुढला साल मीच येसू तुले लेवाले."
मी हो म्हटलं. त्याला बरं वाटावं म्हणून.