पायासाठी डोक्याचा फोटो

मावला (आदिलाबाद),
२० ऑक्टोबर १९९७

अमृतराव भाऊजींच्या पायाशी चंपतचा नमस्कार. (पायांचाच विषय आहे, म्हणून तिथूनच सुरू करतो.)

महिना झाला, रोज सकाळी तुम्हाला पत्र लिहायला बसतो आणि रोज कोणीतरी उटनूरकडे नाहीतर बैलबाजाराकडे निघालेला दिसतो, की मी त्याच्या मागे. माफी असावी. तुमचा कापूस फुटला असेल. आईंची (म्हणजे तुमच्या) तब्येत आणि तोंड दोन्ही खणखणीत असेलच.

तुम्ही निरोप धाडला होता, "बायकोचे पाय चालत नाहीत, आन् साळ्यानं फोटो डोक्याचा काढून आनला! काऊन?" तुमचं अख्खं वांकिडी गाव हसलं म्हणे. म्हणून सविस्तर लिहितो.

अक्काला घेऊन हैदराबादच्या दवाखान्यात निघालो तेव्हा वाटेत निर्मल गावी मी लाकडी पोपट बघायला उतरलो नि बस अक्काला घेऊन निघाली. अक्काने असा आवाज टाकला की बस चौकातच थांबली. (रोग पायात आहे, गळ्यात नाही, हे तिथेच कळलं.) दवाखान्यात म्हणाले, अंगावर धातू चालत नाही. मंगळसूत्र काढा. अक्का म्हणाली, "नवरा जिता असताना मोकळा गळा? मशीन मोडली तरी चालते." शेवटी हळकुंड दोऱ्यात बांधायचं ठरलं. मी किराणा दुकान शोधायला गेलो, वाटेत एक माणूस सापासारखी जिलबी पाडत होता, ती बघत उभा राहिलो, आणि आमचा नंबर गेला. परत नंबर लागेपर्यंत शेजारच्या बाकावरच्या बाईने हळकुंड बांधून दिलं, तुमचं नाव घेऊन.

मशीन म्हणजे कापसाच्या जिनिंगवाणी ठकठक. बाहेर मला घाम फुटला, आणि अक्का आत पाऊण तास झोपली! बाहेर आल्यावर म्हणते, "लगीन झाल्यापासून इतकं निवांत कोनी पडू देल्लं नोतं."

रोगाचं नाव मल्टिपल स्क्लेरोसिस. (तीनदा लिहून घेतलं.) डॉक्टरने डोक्याचा-मानेचा फोटो उजेडावर लावला. डोक्यात पांढरे डाग बरेच, पण त्यातले पुष्कळ गप्प बसलेले. मानेतून खाली जाणाऱ्या नसांच्या दोरीत मात्र एकच, तांदळाएवढा, आणि पायांकडे जाणारा हुकूम नेमका तिथे अडतो. पाय बिघडलेलेच नाहीत भाऊजी, त्यांना सांगावा पोचत नाही. मी म्हटलं, डाग मोजून सांगा, अक्का किती पावलं चालेल? डॉक्टर हसला. तसं मोजता येत नाही म्हणाला, आणि अक्काला व्हरांड्यात चालवून घड्याळ लावलं. फोटो आणि चाल शेजारी ठेवूनच समजतं म्हणे. आणि ऊन लागलं की या नसा आणखी ढिल्या पडतात, अंग निवलं की पुन्हा काम करतात. दुपारी निंदताना पडणारी अक्का संध्याकाळी विहिरीवर जायची, म्हणून आई ढोंग म्हणाल्या आणि तुम्ही तिला इथे सोडून गेलात.

बाकी अक्का मजेत आहे. भिंत धरून चालते, बसून भाकरी करते आणि मला दिवसभर राबवते.

तुमचा मेहुणा,
चंपत

ता. क. एवढं लांबण लावलं ते एका गोष्टीसाठी. अक्का तोंडाने म्हणत नाही, पण वांकिडीकडची बस वाजली की ओसरीत येते. दिवाळीआधी तुम्ही स्वतः येऊन तिला न्या. आईंना मात्र पाठवू नका. त्यांनी एक टोमणा मारला तर ती जागची हलणार नाही.

आणखी एक ता. क. पाकीट चिकटवतच होतो, तर दारात तुमच्या आई. एकट्या, बसने, गाठोड्यात दोन लुगडी बांधून. पाणीसुद्धा न घेता फोटो मागितला, अंगणात उन्हाकडे धरला आणि अक्काला विचारलं, "पायाचा डाग कोन्ता?" अक्काने बोट ठेवलं.  मग आई मला म्हणाल्या, "कागद उघड आन् खाली लिव. अमृत, औंदा वेचनीले दुसरी बाई लाव. मी सुनेपाशी आठ दिवस हावो. भाकरी तुह्या हातानं कर."